राजीनामा लिहिण्याआधी

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास सकाळी सातपासून जी माणसं दिसतात ती हातातल्या पिशवीवरून ओळखू येतात. मेडिकलवाल्याने दिलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सोनोग्राफीची फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी. आजाराचे कागद तारखेप्रमाणे लावलेले असतात. पैशाचे कागद मात्र सोबत नसतात. रेशनकार्ड गावच्या ट्रंकेत असतं, पॉलिसीची प्रत कपाटात, आणि पीएफचा नंबर कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाइलमध्ये. उपचाराचे पैसे कोण भरणार, किती भरणार आणि कधी भरणार, हे त्या मागे राहिलेल्या कागदांवर ठरतं.

कॅन्सरच्या खर्चाचा विषय निघाला की सगळे आकड्याबद्दल बोलतात. आकडा मोठा असतोच, पण घर आकड्याइतकंच चुकलेल्या क्रमाने बुडतं. पहिल्या पंधरा दिवसांत तीन गोष्टी घाईघाईने उरकल्या जातात: एफडी मोडते, दागिने गहाण पडतात आणि नोकरी करणारा पेशंट राजीनामा लिहितो. यांतल्या एखाद्या गोष्टीची वेळ पुढे येईलही. पण आपल्याकडच्या बहुतेक मदतीचा स्वभाव असा आहे, की ती होणार असलेल्या खर्चाला मिळते, होऊन गेलेल्या खर्चाला नाही. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा पैसा थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातो, भरलेल्या बिलाची भरपाई म्हणून पेशंटच्या हातात पडत नाही. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतही उपचार सुरू होण्याआधी मंजुरी लागते. ज्याने सोनं मोडून आधी बिल भरलं आणि मग चौकशी केली, त्याला खिडकीवर एकच उत्तर मिळतं, "आधी यायला हवं होतं."

सगळ्यांत महाग चूक राजीनाम्याची. तो लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा दोन वाक्यं असतात. "आता आपल्याच्याने होणार नाही" आणि "साहेबांची अडचण कशाला करायची?" दोन्हींत सज्जनपणा आहे. पण हजेरीपटावर नाव आहे तोवर त्या नावाला काय काय टांगलेलं आहे, ते एकदा कागदावर मांडून बघावं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्यात आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे सुरुवातीचा जेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो, बहुधा माफ असतो, आणि निदान झाल्यावर बाहेर नवी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा येतो, तो कित्येकांना माहीतच नसतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि त्याचा हप्ता मालक भरतो, पगारातून काहीच कापलं जात नाही. राजीनामा दिला की हे छत्र संपलं.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही, पण कायम नोकरीतल्या साध्या राजीनाम्याला लागते. चार वर्षं चार महिने झालेल्या माणसाने राजीनाम्याऐवजी आठ महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर करून घेतली, तर त्या रजेने सेवेत खंड पडत नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं: हिशेब इतका सोपा आहे की तो करून न बघण्याला कारण नाही.

बिनपगारी रजेआधी एचआरला दोन प्रश्न लेखी विचारावेत. या काळात ग्रुप मेडिक्लेम चालू राहील का? आणि माझ्या वाट्याचा हप्ता असेल तर तो कुणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला भरायचा? तोंडी "हो हो, चालू राहील" याला क्लेमच्या वेळी काडीची किंमत नसते. नोकरी सोडावीच लागणार असेल तर शेवटच्या दिवसाच्या बऱ्याच आधी त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज टाकावा. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी स्वतःच्या निकषांवर तपासणी करते, पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात मोजली जातात. शेवटचा दिवस उलटून गेल्यावर मागायला काही उरत नाही.

ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि पगारपत्रकात ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, ०.७५ टक्के कपात दिसते, त्यांच्याकडे तर असं काही असतं जे मोठ्या पगारवाल्यांकडे नसतं. साध्या आजारपणात ईएसआय वर्षातून ९१ दिवस, सरासरी मजुरीच्या ७० टक्के देते. कॅन्सर मात्र दीर्घ आजारांच्या यादीत येतो. दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि त्या काळातल्या चार अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहामाहींत) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात सहजासहजी कामावरून काढता येत नाही. अडतं ते सर्टिफिकेटवर. ईएसआयला स्वतःच्या दवाखान्याचं किंवा त्याने मान्य केलेलं सर्टिफिकेट लागतं, बाहेरच्या ऑन्कॉलॉजिस्टची चिठ्ठी थेट चालत नाही. म्हणून उपचार कुठेही चालू असोत, दर खेपेचे कागद घेऊन ईएसआयच्या डॉक्टरांकडे फेरी मारावीच लागते. त्या फेऱ्या कंटाळवाण्या आहेत. त्यांतली एक चुकली की तेवढ्या दिवसांचे पैसे बुडतात.

सरकारी नोकरांची गोष्ट निराळी. राज्याच्या रजा नियमांत अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते, अर्धपगारी वर्षाला २० दिवस मिळते, ती वैद्यकीय कारणासाठी परिवर्तित करून पूर्ण पगारी करता येते, आणि कर्करोग-क्षयरोगासारख्या आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. आस्थापनेवरचा जुनाजाणता कारकून हे सगळं पाठ म्हणून दाखवतो, त्याच्याशी गोडीत राहावं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम मात्र त्यालाही पाठ असेलच असं नाही. नुसता कॅन्सर त्या कायद्यात अपंगत्व नाही. पण स्वरयंत्र काढल्याने आवाज गेला किंवा हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गेला, तर ते त्यात बसतं, आणि सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करायचं. घशाच्या कॅन्सरने आवाज गमावलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्याआधी हे वाचलेलं बरं.

खासगी नोकरीत असं भक्कम कवच नाही. तिथे शब्द जपून वापरावे लागतात. साहेबांना रोगाचं नाव, स्टेज, रिपोर्ट सगळं सांगायची गरज नसते. सांगायचं ते असं: उपचार अमुक तारखेपासून, साधारण इतके महिने, दर तीन आठवड्यांनी इतके दिवस येता येणार नाही, मधल्या दिवसांत घरून इतके तास काम करू शकेन, अमुक कामं अमुक सहकाऱ्याकडे दिली आहेत. हे ईमेलवर द्यावं आणि उत्तराची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी. "मला समजून घ्या" अशा विनंतीला साहेब सहानुभूती देतो, तारखांच्या विनंतीला रजा देतो.

त्या तारखा येतात कुठून? उपचारांच्या वेळापत्रकातून, आणि ते डॉक्टर बऱ्यापैकी आधी सांगू शकतात. सलाईनमधून जाणाऱ्या अनेक केमोंचं चक्र २१ दिवसांचं असतं. सहा डोस म्हणजे सुमारे चार महिने, त्यात रक्त कमी आलं म्हणून डोस पुढे ढकलला जाण्याचे दोन-तीन आठवडे धरून ठेवावेत. डोसानंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि थकव्याचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच लोकलच्या गर्दीत जाणं सगळ्यांत धोक्याचं असतं. १०० फॅरनहाइटच्या वर ताप गेला की ऑफिस, लग्न, बारसं सगळं सोडून हॉस्पिटल गाठायचं. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात कामाचा. मीटिंगा, बँक, तहसील, सह्या हे सगळं त्या आठवड्यात ठेवावं. रजा मागतानाही सलग चार महिने मागण्यापेक्षा चक्राप्रमाणे मागितली तर साठलेल्या रजा दुप्पट पुरतात.

रेडिएशनचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात त्याचं, गणित उलटं असतं. आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सात आठवडे. प्रत्यक्ष मशिनखाली काही मिनिटंच जातात, पण जाणं-येणं आणि थांबणं धरून अर्धा दिवस मोडतो. सकाळचा पहिला किंवा संध्याकाळचा शेवटचा नंबर मागून घेतला तर अर्धवेळ काम होऊ शकतं. थकवा मात्र शेवटच्या आठवड्यांत साठत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे उतरत नाही. "लाइट संपला, सोमवारपासून येतो" असं साहेबांना सांगणारे त्या सोमवारी पस्तावतात.

आणि काम कसलं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी बोटांची संवेदना कमी होते. शिंप्याने, सोनाराने, टायपिस्टने आपलं काम कोणतं हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं, कारण मुंग्या वाढल्या तर डोस कमी करता येतो, आणि तो वेळेवर केला नाही तर बधिरपणा राहून जातो. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. धुणीभांडी करणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या बाईला "वजन उचलू नका" एवढं सांगून भागत नाही. व्यायाम, हातमोजे, जखम झाल्यास काय करायचं, हे फिजिओथेरपी विभागातून शिकून घ्यावं लागतं. तिचं काम हाच तिचा मेडिक्लेम असतो.

पेशंटबरोबर जो येतो त्याचाही पगार बुडतो, आणि हा खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो. घरातल्या दोघांनी एकदम रजा संपवण्याऐवजी वाटून घ्याव्यात. डोसाच्या दिवशी पगारदार माणूस, नुसत्या रक्ततपासणीच्या दिवशी कॉलेजातला भाचा. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागा आहेत. तिथे हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि नंबर लावावा लागतो, म्हणून पत्र पहिल्याच भेटीत मेडिकल सोशल वर्कच्या विभागातून घ्यावं. त्याच खिडकीवरून रेल्वेचा फॉर्म मिळतो. स्लीपर आणि थर्ड एसीत कॅन्सर पेशंटला १०० टक्के आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. नांदेडहून दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या घराला सहा डोसांत यातून काय वाचतं, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या तिकिटावर करावा.

आता मोठा आकडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, आणि आता तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पांढरं रेशनकार्डही चालतं. ही बातमी अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही, म्हणून "आम्ही कुठे पिवळ्या कार्डात बसतो" म्हणत मध्यमवर्गीय माणसं खिडकीकडे फिरकतच नाहीत. सत्तरी उलटलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं संरक्षण आहे. पद्धत अशी: हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का ते १५५३८८ या क्रमांकावर विचारायचं, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं, आणि विचारायचं की माझ्या डॉक्टरांनी लिहिलेला नेमका उपचार योजनेत बसतो का.

'नेमका' हा शब्द महत्त्वाचा. योजना पॅकेजांवर चालते: हे ऑपरेशन, ही केमो, इतके डोस. डॉक्टरांनी लिहिलेलं नवं टार्गेटेड औषध पॅकेजात नसेल तर ते खिशातून. म्हणून डॉक्टरांनाही सरळ विचारावं: योजनेत बसणाऱ्या उपचाराने फरक किती पडेल? बरेच डॉक्टर हे मोकळेपणाने सांगतात, कुणी विचारत नाही एवढंच. मंजुरी अडते ती मात्र वैद्यकीय कारणाने क्वचित. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नसतं, आधारवर 'शांताबाई' आणि रेशनवर 'शांता', जन्मवर्षात तीन वर्षांचा फरक. हे दुरुस्त करायला तहसील आणि आधार केंद्रात आठ-पंधरा दिवस जातात, आणि ते दिवस बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघताना फुकट गेलेले असतात. गाठीचा संशय आला त्याच दिवशी कुणीतरी एकाने कागदांच्या मागे लागावं. गाठ साधी निघाली तर रेशनकार्ड दुरुस्त झालं, नुकसान काहीच नाही.

योजनेत नाहीच बसलं तर पुढची पायरी धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. चकचकीत लॉबी बघून हे हॉस्पिटल धर्मादाय असेल असं वाटत नाही, आणि पाटीही सहज दिसेल अशा जागी नसते. रिसेप्शनवर विचारण्याऐवजी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यालाच गाठावं. त्यानंतर मुख्यमंत्री सहायता निधी: तहसीलदारांचा चालू वर्षाचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, निदानाचे रिपोर्ट, हॉस्पिटलचं सहीशिक्क्याचं एस्टिमेट, आणि हॉस्पिटल खासगी असेल तर त्या एस्टिमेटवर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन. पेशंट दाखल असेल तर त्याचा जिओ-टॅग, म्हणजे ठिकाण उमटलेला, फोटो. म्हणजे दाखल होताच अर्ज पडायला हवा, डिस्चार्जच्या आदल्या रात्री नाही. ज्या घरात काहीच आवक नाही तिथे संजय गांधी निराधार योजनेच्या निकषांत कर्करोग नावाने आहे. महिना १,५०० रुपये, अर्ज तहसीलला. रक्कम बघून हसू येतं, पण दर खेपेच्या एसटीचं भाडं तरी निघतं.

मेडिक्लेम असलेल्या घरांची फसगत वेगळ्या जागी होते, ती म्हणजे खोलीच्या भाड्यात. समजा विमा ५ लाखांचा आणि खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. नातेवाइकांनी "एवढं मोठं ऑपरेशन, स्वतंत्र खोली घेऊ" म्हणत ८,००० ची खोली घेतली. सहा दिवसांचा फरक १८,००० होईल, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे लागतं, म्हणून विमा कंपनी त्यातही आठातले पाचच भाग देते. तो खर्च २ लाख ४० हजार असेल तर मंजूर १ लाख ५० हजार. ९० हजार आणि १८ हजार मिळून १ लाख ८ हजार रुपये खिशातून गेले, एका स्वतंत्र खोलीपायी. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. लावली असेल तर भांडावं.

केमोसाठी रात्रभर दाखल व्हायची गरज नसते, ती डे-केअरमध्ये बसते. तोंडाने घ्यायची केमो आणि इंजेक्शनची इम्युनोथेरपी यांनाही विमा नियामकाच्या यादीप्रमाणे संरक्षण आहे, पण अनेक पॉलिसींत त्यांना रकमेची उपमर्यादा असते. ती ओळ पहिल्या डोसाआधी शोधावी. दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही मिळतो, आणि पेट स्कॅन, बायोप्सी बहुधा त्या आधीच्या दिवसांतच झालेली असते. त्यासाठी पक्कं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट तिन्ही लागतात. चिठ्ठीशिवायचं बिल म्हणजे रद्दी. क्लेम नाकारला तर नाकारण्याचं कारण लेखी घ्यावं, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. पॉलिसीला सलग साठ महिने झाले असतील तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "तुम्ही आधीचा आजार लपवला" हे कारण चालत नाही.

क्रिटिकल इलनेसची वेगळी पॉलिसी असेल तर ती निदानावर एकरकमी पैसे देते. नोकरी बुडाल्याची खरी भरपाई हीच. पण त्यात अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असलेला कॅन्सर, थायरॉइडची लहान गाठ, प्रोस्टेटचा सौम्य प्रकार वगळलेला असतो, आणि निदानानंतर बहुधा ३० दिवस जगण्याची अट असते. टर्म इन्शुरन्सचा हप्ता काहीही झालं तरी चुकवू नये. लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा चालू करायला तब्येतीचं घोषणापत्र द्यावं लागतं, आणि आता ते देता येणार नाही.

औषधांच्या किमतीत अजूनही वाव असतो. ट्रॅस्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली तशीच औषधं, मूळ कंपनीपेक्षा स्वस्त मिळतात. यकृत-मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या आसपास होता, मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट दुसऱ्याचं असूनही ते औषध बनवायची परवानगी, मिळाला आणि तो ८,८०० वर आला. 'ब्रँड' या शब्दाची किंमत एवढी असू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य आणि बहुतेक इतर औषधांवरचा ५ टक्के आहे, बिल बघावं. महागड्या गोळ्यांसाठी कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना असतात, काही महिन्यांची औषधं घेतली की पुढची मोफत, पण नोंदणी पहिल्या खरेदीआधी करावी लागते. इथेही क्रमच. आणि चुलत्यांनी सुचवलेल्या काढ्याला, नाशिककडच्या कुणा वैदूच्या भुकटीला कुठलीच योजना लागू नाही. तिचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहावा, म्हणजे दोन महिन्यांनी बेरीज डोळ्यांसमोर येते.

पैसे उभे करताना पीएफची उचल सगळ्यांत स्वस्त, कारण ती कर्ज नाही. कॅन्सरसाठी ती मिळते आणि अर्ज ऑनलाइन होतो. केवायसी मात्र पक्कं हवं. आजारपणामुळे नोकरीच गेली तर पाच वर्षांआधी काढलेल्या पीएफवर कर लागत नाही, म्हणून सोडण्याच्या पत्रात कारण आजारपण असंच लिहून घ्यावं, "वैयक्तिक कारण" नव्हे. नातेवाईक नसलेल्या मित्रांनी गोळा करून दिलेली रक्कम वर्षात ५० हजारांवर गेली तर ती करपात्र उत्पन्न ठरू शकते. ती थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायला सांगितलेलं सोयीचं, दिलेल्याचा विश्वासही राहतो. हातउसने २० हजार किंवा त्याहून जास्त असतील तर रोखीने घेऊ नयेत, बँकेतून घ्यावेत. गंभीर आजारावरच्या खर्चाची, ८० डीडीबी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते: साठीच्या आत ४० हजार, साठीनंतर १ लाख, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर. पण विम्याने दिलेली रक्कम खर्चातून नव्हे, त्या वजावटीतून वजा होते. चाळीस हजारांच्या वर क्लेम मिळालेल्या तरुण पेशंटला म्हणूनच इथे शून्य मिळतं आणि तो सीएवर चिडतो.

दुकानदाराला ना रजा, ना पीएफ. त्याने किमान दुकानाचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याला जोडलाय आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो एवढं पाहावं. दुकान चार महिने बंद ठेवलं तरी जीएसटीचं शून्याचं रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला २० रुपये विलंबशुल्क चढत राहतं. रिक्षावाल्याने गाडी विकण्याऐवजी शिफ्टवर द्यावी. गाडी विकली तर परत घेणं होत नाही.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: सही. बोटं बधिर झाली की सही बदलते आणि चेक परत येतो, नेमका ऑपरेशनच्या डिपॉझिटचा. पहिल्या डोसाआधीच खातं 'दोघांपैकी कोणीही एक' असं संयुक्त करून घ्यावं. नॉमिनी तेव्हाच बघावेत, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जण लावता येतात. मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे सगळं झालं असं समजू नये, माणूस गेला त्या क्षणी ते संपतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण डॉक्टरांचं शुद्धीत असल्याचं सर्टिफिकेट जोडलं तर पुढे भावकीला तोंड उघडायला फारशी जागा राहत नाही. हा विषय घरात कसा काढायचा? पेशंटला बसवून काढू नये. घरातल्या सगळ्यांच्याच खात्यांचे नॉमिनी एका दुपारी तपासायचे, त्यात पेशंटचंही एक पासबुक असतं.

कामावर परतताना फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं 'फिट' लिहून आणू नये. "आठ आठवडे हलकं काम, रोज पाच तास, पाच किलोच्या वर वजन नाही" असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, कारण 'फिट' या शब्दाचा अर्थ सुपरवायझर स्वतःच्या सोयीने लावतो. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, त्यासाठी वर्षातल्या चार रजा आधीच बाजूला काढाव्यात. आणि मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख. क्लेम मोठा झाला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून तुमचा हप्ताही वाढवू शकत नाही. हप्ता उशिरा भरून आपणच तिला वाट मोकळी करून देतो. फॉलो-अपच्या तारखा ज्या डायरीत लिहिल्या आहेत, तिच्यातच ही तारीखही लिहावी, महिनाभर आधीच्या पानावर.